हत्तोबा फ्रीजरमध्ये

“हत्तोबा कुठाय?” सासूबाईंनी फोनवर ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही.

मागे मुंगी रडत होती. मुंगीच्या आईला लेकीची सगळी रडणी पाठ होती. भुकेचं वेगळं, पडल्याचं वेगळं, उगाचचं वेगळं. खालच्या पट्टीत सुरू होऊन वर वर चढत जाणारं हे रडणं मात्र केवळ हत्तोबासाठी राखीव होतं.

“पलंगाखाली बघितलंत का, आई?”

“पलंगाखाली बघितलं, कपाटावर बघितलं, वॉशिंग मशीनमध्ये डोकं घालून झालं. तू तुझी बॅग बघ. सकाळी ती तुझ्या बॅगेशी काहीतरी खुडबुड करत होती.”

हत्तोबा म्हणजे कापडी हत्ती. राखाडी रंगाचा, एकाच कानाचा, पोटात जरा बसलेला. सासूबाईंच्या जुन्या ट्रंकेतून तो निघाला, मुंगीच्या हाती पडला, आणि त्या दिवसापासून त्याच्या सोंडेवर गाल टेकल्याशिवाय तिचा डोळा लागेना. त्यात ती आता नुकतीच तापातून उठलेली. दुपारी झोप झाली नाही तर संध्याकाळी पुन्हा अंग कढत होणार, हे मुंगीच्या आईने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. शिवाय आठवड्यातला हा एकच दिवस तिचा स्वतःचा होता. गावाच्या इतिहास संग्रहात ती मदतीला यायची. ‘जा तू, मी बघते’ असं सासूबाई म्हणायच्या खऱ्या, पण आज मुंगीने घर डोक्यावर घेतलं, तर पुढच्या खेपेलाही त्या तसंच म्हणतील याचा काय भरवसा?

तिने बॅग उलटी केली. पाण्याची बाटली, तापाचं औषध, रुमाल, आणखी एक रुमाल, तापाचं दुसरं औषध. हत्तोबा नव्हता. आणि मग तिला आठवलं. ही बॅग आज दुसऱ्यांदा उलटी होत होती.

संग्रहात पेनाला बंदी होती. सकाळी पेन्सिल सापडेना म्हणून तिने बॅग मोठ्या टेबलावर रिकामी केली होती, तेवढ्यात खोकी उतरवायला हाक आली, आणि परत आल्यावर हाताला लागेल ते तिने बॅगेत कोंबलं होतं. हाताला न लागलेलं टेबलावरच राहिलं असणार.

त्या टेबलाची एक रीत होती. गावातला एकुलता एक फोटो स्टुडिओ बंद पडला होता आणि मालकाच्या मुलांनी तिथलं सगळं सामान संग्रहाला देऊन टाकलं होतं. मुंगीची आई खोक्यातून वस्तू काढायची, निवृत्त नर्सबाई ती ब्रशने झटकायच्या, निवृत्त हेडमास्तर तिचं वर्णन लिहायचे आणि संग्रहपाल मॅडम नंबर घालून ती ठेवून द्यायच्या. “टेबलावर आलेली वस्तू मागे सरकवायची नाही,” असं मॅडमचं पहिल्याच दिवशी बजावून झालं होतं. “ज्याने त्याने आपापलं काम करायचं. मागच्याने काय केलं ते तपासत बसलो, तर आपला जन्म पुरायचा नाही.”

“सिस्टर, तुम्ही एक हत्ती बघितलात का?”

“बघितला म्हणजे? झटकला की!” नर्सबाई म्हणाल्या. “काय मळलेला गं! शिवणीतून बिस्किटाचा चुरा निघाला. कुठल्या पोराने इतका चोखलाय देव जाणे. काही काही आयांचं लक्षच नसतं.”

मुंगीच्या आईने बॅग हळूच पाठीमागे घेतली. “तुम्हाला काही शंका नाही आली?”

“तू काढलास, म्हणजे खोक्यातलाच असणार. आली असती शंका, तर तुला आली असती ना?”

यात कुठेतरी चूक होती, पण ती नेमकी कुठे हे मुंगीच्या आईला सापडेना. ती हेडमास्तरांकडे वळली. ते तिचीच वाट बघत असल्यासारखे उठून उभे राहिले.

“या, या! तुम्हीच काढलात ना तो? शाबास. ऐका.” त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. “‘बालकांचे लक्ष वेधून घेण्यासाठी छायाचित्रकाराने वापरलेला, हाताने शिवलेला गज. एक कर्ण गहाळ.’ कसं वाटतं?”

“मास्तर, तो माझ्या मुलीचा हत्ती आहे.”

“म्हणजे तुमच्या मुलीकडेही असाच आहे?”

“असाच नाही हो. हाच.”

मास्तरांनी तिच्याकडे गृहपाठ न केलेल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं आणि न बोलता फोटोंचा गठ्ठा तिच्यापुढे पसरला. एकच उंच स्टूल, मागे तोच रंगवलेला पडदा, आणि स्टुलावर एकेक घाबरलेलं बाळ. प्रत्येकाच्या मांडीत हत्ती.

“इथं कान दोन. इथंही दोन. इथं उजवा लोंबायला लागला बघा. आणि इथं तर एका धाग्यावर आलाय!”

मुंगीच्या आईने फोटो डोळ्यांशी नेला. तेच बसकं पोट, तीच डावीकडे झुकलेली सोंड. हा जर स्टुडिओचा हत्ती, तर आपला कुठे गेला? रस्त्यात पडला? आणि पडला असेल, तर आता कुणाच्या पायाखाली असेल? की दोन हत्ती होते? फोन पुन्हा वाजला. घरून होता. उचलून काय सांगावं ते न सुचल्यामुळे तिने तो वाजू दिला.

“मॅडम, तो हत्ती…”

“कापडी ना? फ्रीजरमध्ये.” मॅडमनी मान वर केली नाही.

“फ्रीजरमध्ये?”

“कापडात कसर असते, ती थंडीनेच मरते. चांगला गारठवल्याशिवाय मी कापडाचा तुकडा कपाटात घेत नाही. आता आठवडाभर ते झाकण उघडायचं नाही.”

“पण तो माझा आहे, मॅडम. माझ्या बॅगेतून पडला.”

“नंबर पडलाय त्याला,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “एकदा नंबर पडला, की वस्तू तुमचीही नाही आणि माझीही नाही. बाहेर काढायची तर समितीची बैठक घ्यावी लागते.”

“मग बैठक कधी आहे?”

“अध्यक्ष परत आले की.”

“कुठून?”

“ते त्यांनी सांगितलेलं नाही.”

फ्रीजर कोपऱ्यात होता. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा, वरून काचेच्या झाकणाचा. एक टोपी आणि एक मखमली पडदा यांच्यामध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, सोंड काचेकडे करून हत्तोबा पडला होता. मुंगीची आई त्याच्याकडे बघत असतानाच दारातून ते ओळखीचं रडणं आत आलं.

“फोन का उचलत नाहीस गं?” मुंगीला कडेवर घेऊन सासूबाई धापा टाकत उभ्या होत्या. “रिक्षावाल्याने अर्ध्या रस्त्यात विचारलं, मूल तुमचंच आहे ना?”

मुंगीने काचेतून खाली बघितलं. रडणं थांबलं. नाक काचेला चिकटलं.

“हत्तोबा!” ती म्हणाली. मग तिने काचेवर हात ठेवला, चटकन काढून घेतला आणि तिचा ओठ बाहेर आला. “हत्तोबाला थंडी!”

यानंतर जे सुरू झालं, ते मुंगीच्या आईच्या यादीतल्या कुठल्याच रडण्यात बसत नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढला. मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली.

“तापातून उठलेलं लेकरू आहे हो, मॅडम!” नर्सबाई कळवळल्या. “नंबर कसले घेऊन बसलात?”

“ओळख तरी पटवू द्या त्यांना,” मॅडम जरा नरमल्या. “नाहीतर उद्या कुणीही येऊन इथलं काहीही मागेल.”

“ओळख काय पटवायचीय?” सासूबाई कडाडल्या. “माझ्या मुलाचा हत्ती आहे तो! त्याचा कान त्यानेच चावून तोडलाय, माझ्या डोळ्यांदेखत!”

मास्तरांनी गठ्ठ्यातला एक फोटो हळूच पुढे केला. स्टुलावर गलेलठ्ठ बाळ होतं आणि त्याच्या तोंडात हत्तीचा कान होता.

“अगं बाई! हा तर आमचा बाळ्या!”

मुंगीच्या आईनेही वाकून बघितलं. नवराच होता. कपाळावर तीच आठी, फक्त केस तेव्हा जास्त होते. तिच्या जिवात जीव आला. “बघा, मॅडम! म्हणजे आमचाच!”

“थांबा,” मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “बाळ्याच्या आधी हा हत्ती गावातल्या निम्म्या पोरांच्या मांडीवर बसलाय. बाळ्यानंतरच्या गठ्ठ्यात मात्र जो तो बदक घेऊन बसलाय. सकाळपासून मी याच कोड्यात आहे. हत्ती गेला कुठे?”

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. मुंगीची आईही. सासूबाईंनी मुंगीला तिच्याकडे दिलं आणि स्वतःचा चष्मा पुसायला घेतला. तो बराच मळलेला असावा.

“सोडेचना हो तो,” शेवटी त्या म्हणाल्या. “असलं भोकाड पसरलं, की बाहेर रांगेतली पोरंही रडायला लागली. फोटोवाले म्हणाले, राहू दे वहिनी, आत्ता घेऊन जा, सावकाश आणून द्या.”

“मग?” मॅडमनी विचारलं.

“सावकाशच चाललं होतं.”

नर्सबाई चुकल्या नव्हत्या, मास्तरांचं वर्णन अक्षरशः खरं निघालं होतं, मॅडमचा नंबरही योग्यच होता, आणि हत्ती सगळ्यात चुकीच्या वाटेने नेमका स्टुडिओच्या सामानात परत पोचला होता. मुंगीची आई कुणाची माफी मागावी याचा विचार करत राहिली. मग एकाएकी तिच्या लक्षात आलं, की रडणं थांबलंय.

बोलण्याच्या नादात ती मुंगीला कडेवर घेऊन टेबलाला टेकली होती. जुनी जाड पुस्तकं उघडी राहावीत म्हणून त्यांच्यावर ठेवायच्या वाळूच्या लांबट कापडी पिशव्या तिथे पडल्या होत्या. त्यातली एक मुंगीने ओढून गळ्याभोवती घेतली होती, तिच्यावर गाल टेकला होता आणि ती झोपली होती. चक्क गाढ.

मॅडम चवड्यांवर आल्या. दोन बोटांनी त्यांनी पिशवीचं टोक उचललं. मुंगीच्या घशातून, खालच्या पट्टीत, एक सूर निघाला. मॅडमनी हात मागे घेतला.

“राहू दे,” त्या कुजबुजल्या. “आत्ता घेऊन जा. पण आणून द्याल ना?”

“देऊ की,” सासूबाई म्हणाल्या. “सावकाश.”

आणि सुनेच्या पाठीला हात लावून त्यांनी तिला दाराकडे वळवलं. “पुढच्या आठवड्यात तू येशील, तेव्हा त्या ही पिशवी मागतील,” पायऱ्या उतरताना त्या हळूच म्हणाल्या. “तू विषय बदल. आणि आता पाय उचल, मागे वळून बघू नकोस. तेव्हा मीही बघितलं नव्हतं.”