पाऊल मूळ साहित्यात धरू नये

"जरा तो पाट सरकव बघू. स्क्रू घरंगळलाय तिकडे," गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय म्हणाले. पायांचे मालक जगन्नाथराव राऊत, बँकेतून निवृत्त, मुक्काम वसईजवळचं निर्मळ. त्यांचा उरलेला देह गाडीखाली होता आणि छातीवर एक जाडजूड पुस्तक उघडं होतं.

पाटावर बसून राजेळी केळी सोलणाऱ्या रुक्मिणीबाई जागच्या हलल्या नाहीत. "स्क्रू मिळेल तुमचा. पण माझी उन्हात वाळवलेली सुकेळी संध्याकाळी दवात राहिली की काळी पडतात, त्याचं काय? ही शेड केळ्यांसाठी बांधली होती की ह्या ठोकळ्यासाठी?"

"ठोकळा नाही, टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे ती. आणि तुझ्याच वडिलांची आहे."

"तेच म्हणते मी. माझे बाबा तिच्यातून केळी न्यायचे. तुम्ही तिला सोवळ्यात बसवलीय."

रुक्मिणीबाईंच्या वडिलांनी, शेजारच्या वाघोलीच्या तुळशीदास चुरींनी, ही विलायती गाडी एका मायदेशी निघालेल्या साहेबाकडून घेतली होती. पुढे त्यांनी टेम्पो घेतला आणि गाडी नारळाच्या झावळ्यांखाली झोपी गेली. जगन्नाथराव जावई झाले तेव्हा ती झोपलेलीच होती. सासरे गेल्यावर ती एकुलत्या एक लेकीच्या घरी आली, आणि जावयाने तिला पुन्हा जशी कारखान्यातून निघाली तशी करायचा पण केला. त्यासाठी त्यांनी मागवलं ते हे पुस्तक: जुन्या स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त कशा कराव्यात आणि त्यांचं असलपण कसं तपासावं, याची मार्गदर्शिका. घरात तिला 'पोथी' म्हणत. जगन्नाथराव ती आंघोळीशिवाय उघडत नसत, म्हणून म्हणत असावेत.

पोथी फार कडक होती. गाडी चकाचक केली की गुण मिळतात असं जगन्नाथरावांना वाटत होतं; पोथीने ते पहिल्याच प्रकरणात खोडून काढलं. कारखान्यात जी चूक झाली ती चूक तशीच हवी. मागच्या डाव्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर रंगाचा ओघळ हवा, कारण तिथला रंगारी घाईत असे. डॅशबोर्डखालचा एक स्क्रू तिरका हवा. सरळ बसवलात तर गुण कापणार.

यात खरे हाल झाले ते फर्डिनंडचे. सातिवलीला त्याचं गॅरेज, आणि त्याच्या रंगकामात कुणी केसाएवढी खोट काढावी अशी आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

"राऊतसाहेब, अख्खी जिंदगी मी ओघळ पुसले. आता ओघळ सोडू?"

"सोड. पण पोथीतल्या फोटोसारखा सोड. खाली जाऊन थोडा उजवीकडे वळतो बघ."

फर्डिनंडने ओघळ सोडला, तो डावीकडे वळला. पुन्हा घासला, पुन्हा सोडला. तो मनासारखा वाकडा झाला तेव्हा फर्डिनंडने क्रूस केला आणि म्हणाला, "हे माझं काम म्हणून कुणाला सांगू नका हां, साहेब."

पोथीच्या शेवटी 'भारतात आलेल्या गाड्या' असं वेगळं प्रकरण होतं. लिहिणारे मुंबईचे नामांकित परीक्षक ॲन्सेल्म परेरा. देशभरच्या स्पर्धांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भारतातल्या वितरकाने प्रत्येक गाडीत तीन गोष्टी बसवून दिल्या होत्या. दाराच्या आतल्या बाजूला पोपटी ठिपका, म्हणजे तपासणीची खूण. डिकीत काथ्याची गाठी मारलेली दोरी, सामान आवळण्यासाठी. आणि सगळ्यांत महत्त्वाचा, ड्रायव्हरच्या गादीखाली फणसाच्या लाकडाचा नऊ इंची चौकोनी ठोकळा, वर वितरकाची गोल काळी मोहोर. 'उष्ण हवेत गादीखाली वारा खेळता राहावा म्हणून ही योजना असावी,' असं परेरांनी लिहिलं होतं. खाली काळा-पांढरा फोटो होता. त्यात लाकडाशेजारी एक लहानसं अनवाणी पाऊल आलं होतं, त्यासाठी कंसात सूचना: 'पाऊल मूळ साहित्यात धरू नये.'

ठिपका गाडीत होता. दोरीही होती. ठोकळा मात्र नव्हता, आणि ठोकळा नसेल तर बाकीचं सगळं असून प्रमाणपत्र नाही.

"अहो, बाबांच्या गाडीत ना..." रुक्मिणीबाईंनी एकदा सुरुवात केली होती.

"तुला काय कळतंय त्यातलं? हे शास्त्र आहे," असं म्हणून जगन्नाथरावांनी पान उलटलं होतं. त्यानंतर रुक्मिणीबाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पान उलटलं गेलं. मग त्यांनी तोंड उघडायचं सोडलं आणि अट घातली. रविवारी परेरा तपासायला येतायत ना? प्रमाणपत्र मिळालं तर गाडी शेडमध्ये सुखाने नांदू दे. नाही मिळालं तर गाडी विकायची आणि शेड सुकेळ्यांची. जगन्नाथराव भरात 'कबूल' म्हणून बसले. पण त्या गाडीवर त्यांचा खरोखर जीव जडला होता. बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्या, ही एवढी एक वस्तू त्यांनी स्वतःच्या हातांनी जिवंत केली होती.

ठोकळ्यासाठी त्यांनी पुण्याच्या एका गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, त्यालाही मिळत नव्हता, शेवटी वाडवडिलांचा फणस तोडला. पण ताजं लाकूड परेरांनी वासावरून ओळखलं आणि नापास केलं. जुनंच लाकूड हवं. शनिवारी दुपारी जगन्नाथराव शेडमध्ये डोकं धरून बसले असताना त्यांची नजर समोर गेली. रुक्मिणीबाई जेवायला वाढायला आत गेल्या होत्या आणि त्यांचा पाट तिथे रिकामा पडला होता. लाकूड फणसाचं, जुनं, तेलकट काळपट. आणि मधोमध एक गोल काळा डाग, पोथीतल्या मोहोरेसारखा! जगन्नाथरावांना वाटलं, देव आहे.

फक्त पाट मोठा होता. पोथी नऊ इंच म्हणत होती. जगन्नाथरावांनी पट्टी लावली, रेघ मारली, रामाचं नाव घेतलं आणि करवत चालवली.

"पाट कुठे गेला माझा?" जेवणानंतर रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"असेल इथेच. मी कशाला घेऊ?" जगन्नाथराव म्हणाले. पाटाचे उरलेले तुकडे तेव्हा सुकेळ्यांच्या टोपल्यांमागे होते.

रविवारी ॲन्सेल्म परेरा आले. पांढरी दाढी, हातात भिंग, खिशात मोजपट्टी, आणि कुणाच्या लग्नातही हसत नसावेत असा चेहरा. फर्डिनंडही मुद्दाम आला होता, स्वतःच्या वाईट कामाचं कौतुक ऐकायला.

"ओघळ," परेरा चाकाखालून म्हणाले, "फार सुंदर. असा ओघळ आजकाल कुणी सोडत नाही." फर्डिनंडने मान खाली घातली. तिरका स्क्रू पास झाला. ठिपका पास झाला. दोरीच्या गाठी परेरांनी बोटांनी चाचपल्या आणि मान हलवली. मग त्यांनी ड्रायव्हरची गादी उचलली. जगन्नाथरावांनी श्वास रोखला.

"लाकूड बरोबर. माप बरोबर. मोहोर..." परेरांनी भिंग खाली नेलं, "मोहोर तर अस्सल! इतकी स्पष्ट मोहोर मी कुठल्याच गाडीत पाहिली नाही." जगन्नाथरावांनी श्वास सोडला. "पण मिस्टर राऊत, ह्या कडा ताज्या आहेत. भुसासुद्धा आहे. हा तुकडा कालचा कापलेला आहे. बनावट! सॉरी, प्रमाणपत्र देता येणार नाही."

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन रुक्मिणीबाई आल्या. त्यांनी परेरांच्या हातातला तुकडा पाहिला. ट्रे गाडीच्या बॉनेटवर ठेवला गेला, तोही जोरात.

"माझा पाट! अहो, माझ्या बाबांचा पाट कापलात तुम्ही?"

"नऊ इंचच लागत होता गं," जगन्नाथराव पुटपुटले.

"बाबा उंचीला कमी. समोरचं दिसायचं नाही म्हणून गादीखाली हा पाट घेऊन गाडी चालवायचे. पुढे लग्नात मीच मागून घेतला. आणि तुम्ही त्याच्यावर करवत चालवली?"

परेरा हळूच म्हणाले, "बाई, पाट म्हणजे? ही वितरकाची मोहोर आहे."

"मोहोर कसली? चहाची गरम किटली ठेवली होती मी त्याच्यावर, लहानपणी. फटका खाल्लाय त्याच्यासाठी." नवऱ्याची नजर गेली त्या टोपल्यांमागून त्यांनी उरलेले तुकडे ओढून काढले आणि जुळवून दाखवले. नंतर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पोथी हातात घेतली आणि परेरांचं प्रकरण उघडलं. "हे बघा, हा पाट. एक बाजू गादीखाली गेलीय म्हणून लहान दिसतोय. हा ठिपका बैलगाडीच्या रंगाचा, बाबांनी ब्रश पुसला होता दाराला. दोरी केळीचे घड आवळायची. आणि हे पाऊल..." त्यांनी कंसातली सूचना वाचली आणि डोळे मोठे केले. "धरू नये? हे पाऊल माझं आहे! पैंजणाचं एक घुंगरू तुटलेलं दिसतंय ना? ते निर्मळच्या जत्रेत पडलं होतं."

परेरा गाडीच्या पायरीवर बसले. निर्मळची जत्रा हे शब्द त्यांच्यापर्यंत जायला वेळ लागला. "मी तरुण होतो," ते म्हणाले. "जत्रेत गाडी उभी दिसली. भारतात आलेली, कुणी हात न लावलेली. भराभर फोटो काढले. मालकाला शोधलं, पण सापडला नाही."

"कसा सापडणार? सुकेळी विकत होता पलीकडे."

"म्हणजे साहेब," फर्डिनंडने हिशेब पुरा केला, "देशातल्या सगळ्या गाड्यांत लोक चुरीमामांचा पाट बसवतायत?"

"आणि नसेल तर मी गुण कापतो," परेरा क्षीण आवाजात म्हणाले. त्यांना पुण्याचा फणस आठवला असावा. "बाई, हे बाहेर कळलं तर मला लोक गाडीखाली घालतील. जुन्या, अस्सल गाडीखाली."

जगन्नाथराव मात्र उभ्या उभ्या रडकुंडीला आले होते. गाडी जाणार याचं दुःख होतंच, पण जी गोष्ट त्यांनी जगभर शोधली तिच्यावर बायको रोज त्यांच्यासमोर बसत होती, आणि त्यांनी एकदाही तिला विचारलं नव्हतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "गाडी वीक. शेड तुझी."

रुक्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग परेरांकडे. केळ्याला हात लावून ते पिकलंय की नाही ते त्यांना लगेच कळे. ही दोन्ही माणसं आता चांगली पिकली होती.

"चहा घ्या आधी," त्या म्हणाल्या. "खोटं काय लिहिलंय तुम्ही? सगळं खरंच होतं गाडीत. फक्त अर्धं लिहिलंत. बाबांच्या डिकीत कायम सुकेळी असायची, राजेळीची, केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळलेली. आणि मोसमात गाडी दिवसभर उन्हात असायची, बॉनेटवर मलमलखाली सुकेळी सुकायची. तेवढं घाला पुस्तकात. मग मी कशाला बोलतेय कुणाला?"

परेरांनी चहा संपवला आणि प्रमाणपत्रावर सही केली. पाट फर्डिनंडने सांधून दिला. या वेळी त्याने सांधा दिसू दिला नाही. एकदा तरी मनासारखं काम करू द्या म्हणाला.

मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तीत स्पष्ट लिहिलं होतं: डिकीत सुकेळी, वसईचीच, नसल्यास दहा गुण कमी. महिन्याभरात राऊतांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. पुणे, कोल्हापूर, बंगळूर, कुठून कुठून गाडीवाले सुकेळी मागवू लागले. दिल्लीच्या एकाने विचारलं, गाडीत बसवायची कशी? गाडी मात्र पोथीच्या आज्ञेनुसार अंगणात उन्हात उभी राहू लागली, आणि जगन्नाथराव तिच्या बॉनेटवरचे कावळे हाकू लागले.

वर्षअखेर विरारच्या मैदानावर मोठी स्पर्धा झाली. जगन्नाथराव ऐटीत गाडी घेऊन गेले, शेजारी रुक्मिणीबाई. परेरांनी प्रत्येकाची डिकी उघडली. सगळीकडे सुकेळी व्यवस्थित सोपटात. राऊतांची उघडली तर नुसती दोरी.

"रुक्मिणी! आपली सुकेळी?"

"बंगळूरला गेली कालच. ऑर्डर मोठी होती. गिऱ्हाइकाला नाही म्हणू?"

"अगं, दहा गुण गेले! आपल्याच केळ्यांनी आपण हरणार?"

परेरांनी नाइलाजाने पेन उघडलं. गुण कापण्याआधी त्यांनी सवयीप्रमाणे नवी आवृत्ती उघडून फोटोशी गाडी ताडून पाहिली. फोटो तोच जुना होता. कंसातली सूचना मात्र त्यांनी स्वतः बदलली होती: 'पाऊल मूळ आहे. असल्यास वीस गुण.' त्यांनी वाकून गाडीत पाहिलं. रुक्मिणीबाईंनी उकाड्यामुळे चपला काढून ठेवल्या होत्या.

परेरांनी गळ्यातलं भिंग काढलं, पाऊल नीट न्याहाळलं, आणि ते चक्क हसले. "मिस्टर राऊत, ह्या सगळ्या मैदानात एवढा एकच भाग शंभर टक्के अस्सल आहे. पहिला नंबर."

टाळ्या सुरू झाल्या. जगन्नाथराव घाईघाईने बायकोकडे वाकून म्हणाले, "आता चप्पल घाल, लोक बघतायत."

"थांबा," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि पाय आणखी थोडा पुढे केला. "आधी त्यांना वीस गुण लिहू द्या."