कोऱ्या पानावरची ओळ

त्या रविवारी सकाळी बायको एवढंच म्हणाली, "अहो, कॉम्प्युटरवर नवीन पान उघडलं की अक्षर मुंगीएवढं येतं. दरवेळी आपलं मोठं करत बसायचं."

ती सहज बोलली होती. पण मी ऑफिसात एकवीस वर्षं टायपिंग करतोय (पहिली चार वर्षं दोन बोटांनी, पुढची तीन बोटांनी). मला राहवेना.

"त्यात काय! डीफॉल्ट टेम्प्लेटच बदलून टाकतो. एकदा साच्यात अक्षर मोठं केलं की त्यातून निघणारं प्रत्येक कोरं पान मोठ्या अक्षराचं. जन्माची कटकट मिटली!"

साचा सापडला, अक्षर मोठं केलं. एवढ्यावर उठलो असतो तर हे सगळं टळलं असतं. पण मी आणखी दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि वरची बटणांची पट्टी गडप झाली. सेव्ह नाही, प्रिंट नाही, काहीच नाही. नुसतं पांढरंफेक पान आणि मी.

"बंद करून चालू करा," बायको म्हणाली.

"बाजूला एक चापट द्या. आमचा रेडिओ तशानेच लागायचा," अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडेच असतात.

"बाबा, मी बघू का?" मुलीने विचारलं.

"कोणीही इकडे फिरकू नका!" मी गरजलो. तिघंही खुर्च्या ओढून माझ्यामागे बसले.

तासाभराने मला शंका आली की कीबोर्डही गेला असावा. म्हणून जे मनात होतं ते टाइप केलं : 'ह्या घरात माझं कोणीही ऐकत नाही.' उमटलं! तेवढ्यात मुलीने माझ्या खांद्यावरून हात घालून दोन बटणं दाबली आणि पट्टी परत आली. आनंदाच्या भरात मी सेव्ह केलं. ओळ फिकट होऊन दिसेनाशी झाली. गेली असेल, असं मला वाटलं. (चष्मा कपाळावर होता.) ती गेली नव्हती. पानाच्या डोक्यावर, हेडरमध्ये जाऊन बसली होती, साच्यासकट.

गुरुवारी बायको शाळेतून आली ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटतच. ती पाचवीला भाषा शिकवते.

"प्रश्नपत्रिकेवर हे काय छापलंय?"

मी वाचलं. सगळ्यात वर माझी ओळ, आणि लगेच खाली : 'प्रश्न १. वाक्य कोणी कोणास म्हटले ते लिहा.'

"अडतीस मुलांनी ते वाक्यही सोडवलंय! बऱ्याच जणांनी लिहिलंय, राजाने प्रधानास. एकीने लिहिलंय, बाबांनी आईस. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? त्या एकीचं उत्तर बरोबर धरलं."

मी सारवासारव करणार तोच बेल वाजली. मी काकडी चिरत होतो, तसाच जाऊन दार उघडलं. दारात सोसायटीचे सेक्रेटरी आणि कमिटीतल्या दोन बायका. माझ्या हातातली सुरी बघून तिघंही एक पायरी खाली उतरले.

"आम्हाला अप्पांशी बोलायचंय," सेक्रेटरी घसा साफ करत म्हणाले. "एकट्याशी."

अप्पा बाहेर आले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड कान लावून उभा राहिलो.

"अप्पा, तुमचा अर्ज मिळाला. मोकळेपणाने बोला. किती दिवस चाललंय हे?"

"सहा महिने!"

"अरे देवा! आणि तुम्ही इतके दिवस झाकून ठेवलंत?"

"झाकून कुठे? उघडंच आहे! म्हणून तर अर्ज केला. परवा आत कबुतर पडलं."

कमिटीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "जावई... त्रास देतात का?" एकीने हळूच विचारलं.

"त्याचा काय संबंध? त्याला गच्चीवर चढताच येत नाही. चक्कर येते त्याला."

आता मला बाहेर यावंच लागलं. (सुरी ठेवून.) सेक्रेटरींनी अर्ज माझ्यापुढे धरला. आमच्याच कॉम्प्युटरवर टाइप केलेला, विषय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा. खाली अप्पांची लफ्फेदार सही. आणि वर, डोक्यावर, तीच ओळ.

"हे... हे वाक्य अप्पांचं नाही. माझं आहे," मी म्हणालो आणि पट्टी, साचा, हेडर सगळं सांगून टाकलं. मग अप्पाच आधी हसले, पोट धरून. मागोमाग सगळे. सेक्रेटरींनी डोळे पुसले, उद्याच्या उद्या झाकण बसवतो म्हणाले, आणि जाता जाता माझ्या कानाशी लागले, "हे वाक्य आमच्याही कॉम्प्युटरवर घालता येईल का हो? आमच्या हिला तोंडाने सांगायची हिंमत होत नाही."

मुलीने अर्ध्या मिनिटात साचा साफ केला. मी कोपऱ्यात मान घालून बसलो होतो. बायकोला काय वाटलं कोण जाणे. तिने गठ्ठा बाजूला ठेवला, टीव्ही बंद केला, मुलीच्या हातातला मोबाइल काढून घेतला, अप्पांना सोफ्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"चुकलंच आमचं," ती अगदी मायेने म्हणाली. "आम्ही कधी ऐकूनच घेत नाही. बोला आता. तुम्हाला काय सांगायचंय ते सगळं सांगा. कोणी मध्ये बोलणार नाही."

तिघंही माझ्याकडे बघत राहिले. एकवीस वर्षांत एवढा श्रोतृवर्ग मला लाभला नव्हता. मी उभा राहिलो, घसा खाकरला. डोक्यात शोधलं. आणखी शोधलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. सांगण्यासारखं एक वाक्यही सापडेना.

"चहा... कोणाला हवाय?" मी शेवटी विचारलं.

"सगळ्यांना!" तिघं एका सुरात म्हणाले.

मी आधण ठेवायला आत वळलो, आणि बाहेर टीव्ही चालू झाला.