भिकोबा तरसाचं पहिलं पाणी

एका जंगलात, मुलांनो, एक चित्रपट लागला. कुठल्या जंगलात ते विचारू नका. मला अजून तिथेच राहायचं आहे.

चित्रपटाचं नाव होतं 'महाशेकरू'. त्यात एक शेकरू पाठीला पळसाचं पान बांधून उडतं आणि काळनख नावाच्या दुष्टापासून जंगल वाचवतं. शेकरूचं काम शेकरूताईंनी केलं होतं आणि काळनखाचं भिकोबा तरसाने.

मी साळिंदर. जंगलातल्या चित्रपटांची परीक्षणं मी लिहितो. काटा माझाच, मतंही माझीच.

आमच्याकडे एक रीत आहे. चित्रपटात ज्याचं काम सगळ्यांत चांगलं, त्याने उन्हाळाभर पाणवठ्यावर पहिलं पाणी प्यायचं. भिकोबाचा नंबर जन्मापासून शेवटचा. त्याची पाळी येईपर्यंत डबक्यात चिखल उरायचा. या वर्षी पहिल्यांदाच त्याला आशा वाटू लागली होती.

दुसऱ्या दिवशी वडाखाली वाद सुरू झाला.

वानरअण्णा म्हणाले, "पान बांधून उडणाऱ्यांच्या चित्रपटात कसला आलाय अभिनय? आमच्या वेळी खलनायक अर्धा तास स्वगत म्हणायचा. तेही एका पायावर."

भेकर म्हणालं, "आणि तो तरसच आहे. तरसासारखा वागला. त्यात कौतुक कसलं?"

मग मी घसा साफ केला. "तुम्हाला कळलेलं नाही," मी म्हणालो. माझी बहुतेक परीक्षणं याच वाक्याने सुरू होतात. "भिकोबाची खरी ताकद त्याच्या मौनात आहे. ते मौन अंगावर येतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मौन कोणालाच आठवत नव्हतं, पण तसं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, मुलांनो. काळनख पडद्यावर आला तसं मी तिथल्या तिथे अंगाचं मुटकुळं केलं. कान पंजांनी गच्च दाबले. चित्रपट संपल्यावर शेजारच्या कासवाने मला हलवून जागं केलं. म्हणजे तसं मी झोपलो नव्हतो, पण त्याला तसं वाटू दिलं.

वाद तीन दिवस चालला. शेवटी गव्याने निकाल द्यायचं ठरलं. गवा आमचा कायमचा अध्यक्ष आहे, कारण तो मध्ये बसला की दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही.

गवा म्हणाला, "शेकरूताई आणि भिकोबा, दोघांनी इथेच करून दाखवा. जो शेवटपर्यंत आम्हाला खिळवून ठेवील, पहिलं पाणी त्याचं."

आधी शेकरूताई उडाल्या. कमरेला वेल बांधून दोन झोके घेतले आणि मधोमध लटकून राहिल्या. वेलीची गाठ सुटेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग भिकोबा उठला. बिचाऱ्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. "सांभाळून घ्या, मंडळी," म्हणाला. मान खाली घातली, हळूच वर केली आणि हसला.

मुलांनो, त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही, कारण सगळ्यात पुढे मीच पळत होतो. माझ्या मागे भेकर. अण्णा वडाच्या शेंड्यावर. अध्यक्षांनी पळताना दोन झुडपं आडवी केली.

संध्याकाळी आम्ही एकेक करून परतलो. शेकरूताई तिथेच लटकत होत्या. भिकोबा पंजाने त्यांची गाठ सोडवत होता.

गव्याने अंगावरची पानं झटकली. "भिकोबाच्या कामात कोणीच खिळून राहिलं नाही," तो म्हणाला. "जागेवर कोण थांबलं? फक्त शेकरूताई. याला म्हणतात धैर्य. पहिलं पाणी त्यांचं."

"अहो, मला बांधलं होतं," शेकरूताई म्हणाल्या.

"नम्रताही आहे," अण्णा म्हणाले.

भिकोबाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या बाजूने तीन दिवस मीच बोललो होतो. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. पण मग 'तू का पळालास' हेही कोणीतरी विचारलं असतं. मी काटा काढला आणि लिहिलं, 'काळनख प्रेक्षकांना धरून ठेवण्यात कमी पडतो.'

परवा तो पाणवठ्यावर भेटला. चिखलातून पाणी शोधत होता. "साळिंदरभाऊ, एक विचारू?" तो म्हणाला. "ते मौन कुठे होतं? मी तर सबंध चित्रपटभर हसतच होतो."

मला लाज वाटली. खरंच वाटली. मी म्हणालो, "तेच तर, भिकोबा. तुला कळलेलं नाही." आणि घरी आलो.

तात्पर्य : मुलांनो, खलनायकाचं काम मिळालं तर जरा बेतानेच करा, परीक्षक बसून राहतील एवढंच. आणि ते जमत नसेल तर सरळ परीक्षक व्हा. मला पाणी तिसऱ्या नंबरला मिळतं, आणि ते अगदी स्वच्छ असतं.