धड आमचं, डोकं गिऱ्हाईकाचं

डिझाइनच्या धंद्यात शिंदखेड्यात मी एक नंबर आहे, हे मी कुणालाही छातीठोक सांगू शकते. कुणी विचारत नाही, तो भाग वेगळा.

स्टँडसमोरच्या सासऱ्यांच्या खोलीत 'निलोफर क्रिएटिव्ह' उघडून मला दीड वर्ष झालं होतं, आणि सासूबाईंनी, म्हणजे अनवरी अम्मींनी, निकाल देऊन टाकला होता. दिवाळीपर्यंत एक मोठं काम आण, नाहीतर खोली दिराला, आवेजला, मोबाइल रिपेअरिंगसाठी. अम्मी बोलतात कमी, पण बोलल्या की ती काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून मी जळगावला जाऊन मार्केटिंगचं एक दिवसाचं शिबिर केलं. तिथल्या सरांनी डोक्यात एकच गोष्ट भरली: वेगळेपणा! परत आल्या आल्या मी टीमची मीटिंग बोलावली. टीम म्हणजे कॉम्प्युटरवर बसणारी नणंद मंतशा आणि बॅनर लावायला शिडीवर चढणारा नवरा साकिब.

आता आमच्या धंद्याची रीत सांगते. गिऱ्हाईक शेतातून थेट दुकानात येतं, अंगावर बनियन, पायाला चिखल. मग मोबाइलवर त्याच्या तोंडाचा फोटो काढायचा, तोंड कापायचं आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या कोटवाल्या धडावर बसवायचं. सगळ्या दुकानांत धड तेच. त्या एका कोटात साक्रीपासून मुक्ताईनगरपर्यंत अर्धा खानदेश उभा आहे.

"आजपासून हे बंद," मी टीमला म्हणाले. "आपलं स्वतःचं धड. त्याशिवाय दुसरं वापरायचं नाही म्हणजे नाही."

साकिबला पांढरा कुर्ता आणि मरून जाकीट घालून हात जोडून उभा केला. त्याच्या डाव्या अंगठ्याला कटर लागलं होतं, त्यावर पट्टी. फोटोतून ती पुसू का, असं मंतशाने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, जिवंत वाटतं. शिबिराचा असर होता, दुसरं काय!

आणि नशीब उघडलं. शेजारच्या गावात सरपंचपदाची निवडणूक लागली होती. धनसिंग आबा उभे होते. आबा स्वतः दुकानात आले. मी त्यांना धड दाखवलं आणि शपथेवर सांगितलं की असा फोटो पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचा दिसणार नाही. आबा खूश झाले. पहिला बॅनर पसंत पडला तर चाळीस बॅनर आपल्याकडेच, म्हणाले. चाळीस! अम्मींच्या तोंडावर मारायला एवढे पुरे होते.

फाइल घेऊन मी छपाईला धुळ्याला गेले. मी तिकडे असताना आणखी एक गिऱ्हाईक दुकानात येऊन गेलं. मंतशाने त्यांचंही काम केलं आणि फाइल मोबाइलवर पाठवली. मी तीही न बघता छापायला दिली, दोन्ही गुंडाळ्या बगलेत मारल्या आणि एसटी पकडली. उघडून बघायला एसटीत जागा कुठे असते?

दुसऱ्या दिवशी साकिबने दोन्ही बॅनर लावले. परत आल्यावर म्हणाला की दोन्हींत तो छान दिसतोय. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसरं गिऱ्हाईक होतं प्रेमराज नाना. आबांच्या विरोधात उभे. दोघांचं एकोणीस वर्षं बोलणं नाही. आबा ज्या टपरीवर चहा पितात, त्या टपरीसमोरून नाना जातसुद्धा नाहीत. आणि साकिबने दोघांना चौकात समोरासमोर टांगलं होतं. तोच कुर्ता, तेच जाकीट, तेच जोडलेले हात, आणि डाव्या अंगठ्याला तीच पट्टी.

सकाळी अख्खं गाव चौकात. झुंबरबाई ही गावातली सगळ्यात मोठी म्हातारी. तिने दोन्हीकडे नीट बघून निकाल दिला, "दोन्हीसना जाकिट एकच तागामाईन शिवेल शेतस." म्हणजे कापड एका ताग्यातलं, म्हणजे समेटाचा आहेर झाला, आणि अंगठे कापून रक्ताची शपथही झाली! मग आबांचे लोक आबांवर चिडले आणि नानांचे नानांवर. तुमच्यापायी आम्ही सोयरिकी मोडल्या, आणि तुम्ही गुपचूप एक झालात?

दुपारी दुकानासमोर दोन जीपगाड्या येऊन थांबल्या. एकीतून आबा, दुसरीतून नाना. शिबिरात शिकवलं होतं की संकटात लीडरने पुढे उभं राहावं. मी राहिले, पण टेबलाच्या मागे. दोघंही एकमेकांकडे न बघता माझ्यावर बरसत होते, आणि मला समोर फक्त खोलीवर आवेजची पाटी दिसत होती.

तेवढ्यात पाहुणे आले म्हणून मागच्या दाराने साकिब चहा घेऊन आला. पांढरा कुर्ता. मरून जाकीट. कपबशी धरलेल्या अंगठ्याला पट्टी.

आबांनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"हाऊ कोन शे?" आबा म्हणाले.

नाना पहिल्यांदाच आबांकडे वळले. "आबा, आपलं धड शे."

एकोणीस वर्षांतलं ते पहिलं वाक्य. आबा आधी खोकले, मग हसले, मग दोघं इतके हसले की चहा जाकिटावर सांडला. एका बाकावर बसून दोघांनी चहा संपवला, पुन्हा मागवला. मी पोरगी सासरी पाठवल्यासारखी डोळे पुसत होते. केवढं पुण्याचं काम माझ्या हातून झालं!

अर्ज मागे घ्यायला एकच दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी नानांनी अर्ज मागे घेतला. आबा बिनविरोध सरपंच, उपसरपंचपद नानांच्या माणसाकडे. गावात पेढे वाटले. आणि निवडणूकच नाही म्हटल्यावर प्रचार कसला? चाळीस बॅनर गेले. आभाराचा एक बॅनर मात्र मिळाला, दोघांचा मिळून, त्याच धडावर.

तो बघायला अम्मी मुद्दाम रिक्षा करून गेल्या. आल्या, दारात चप्पल काढली आणि एवढंच म्हणाल्या, "दोन्हीकडे अंग माझ्या पोराचं. मग डोकं तेवढं लोकांचं का?"

दिवाळीनंतरच्या सोमवारी खोली आवेजकडे गेली. त्याची पाटी मीच केली, आता कोपऱ्यात बसते त्या टेबलावर. त्याला पाटीवर फोटो हवा होता, आणि तो आला होता बनियनवर.