चुरीकाका माझे जामीनदार

चुरीकाका परत आलेलं पुस्तक आधी नाकाला लावत आणि मगच नोंदवत. पालघरच्या बाजारामागच्या एका लहानशा वाचनालयात ते ग्रंथपाल होते. पुस्तक मधोमध उघडायचं, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "वांग्याचं भरीत. जेवताना वाचलंत." समोर कोर्टातला कारकून असो की शाळेचा हेडमास्तर, मान खाली घालून उभा राहायचा. "पुस्तक सगळं सांगतं हो," हे काकांचं पालुपद. एका सभासदाला सर्दी झाल्याचं त्यांनी पुस्तकाला आलेल्या निलगिरीच्या वासावरून ओळखलं होतं म्हणतात.

हे सगळं आज मी हसत सांगते. पण ते नाक पहिल्यांदा माझ्याकडे वळलं तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली होती.

मी पाचवीत होते. सातपाटीच्या आमच्या शाळेत बाई एक गोष्ट वाचून दाखवत होत्या. गोष्टीतली बोट वादळात सापडली आणि नेमकी बाईंची सरावलीला बदली झाली. पुस्तक त्यांच्याबरोबर गेलं. माझे बाबा तेव्हा बोटीवर होते, ठरल्या दिवसानंतर चार दिवस उलटले तरी आले नव्हते. गोष्टीतली माणसं परत येतात की नाही, हे मला कळायलाच हवं होतं. बाई जाताना म्हणाल्या होत्या, पालघरच्या वाचनालयात मिळेल. म्हणून सुट्टीच्या दिवशी आईबरोबर एसटीने आले, तिला मासळीबाजारात पाटी मांडायला मदत केली आणि विचारत विचारत एकटी वाचनालयात गेले.

आत टेबलाभोवती चार गृहस्थ वर्तमानपत्रं वाचत होते.

"सभासद कोण?" काकांनी विचारलं.

"मी होणार. वादळातल्या बोटीचं पुस्तक पायजे."

"पालक?"

"बाबा बोटीवर हायत."

"मग बोट लागली की ये. हात दाखव."

मी हात पुढे केले. ते वाकले, डोळे मिटले. "ओले बोंबील. आज सकाळचे."

चौघे खो खो हसले. मी बाहेरच्या नळावर जाऊन हात चोळचोळून धुतले आणि परत आले. काकांनी पुन्हा वास घेतला. "अजून आहेत." मी पुन्हा धुतले, मातीने घासले, तळवे लाल झाले. या वेळी त्यांनी वास घेतला आणि एक छापील अर्ज तेवढा पुढे सरकवला. "आईचा अंगठा चालेल. आणि एक जामीनदार लागेल, इथलाच सभासद."

मी रडत बाजारात गेले. आईने सगळं ऐकलं, पाटी डोक्यावर घेतली आणि तरातरा निघाली. वाचनालयाच्या दारातूनच तिने आवाज दिला, "कोन हाय तो, माज्या पोरीचे हात हुंगनारा?"

"मी," काका म्हणाले. "हुंगणं माझं कामच आहे, बाई. ते राहू दे. जामीन राहील असं ओळखीचं कोणी आहे?"

आईने आत नजर फिरवली आणि तिचा चेहरा खुलला. "आवो, हे सगळे वळखीचेच हायत की! रोज माज्याकडनंच मासळी नेतात."

खरंच नेत होते. रोज सकाळी 'मावशी, ताजं आहे ना?' करत घासाघीस करणारे हेच चौघे. आता एकाने पेपर तोंडापुढे धरला. दुसऱ्याने चष्मा विसरल्याचं सांगितलं, चष्मा नाकावर होता. तिसरा म्हणाला, "मावशी, तुमच्याबद्दल काही नाही हो, पण पुस्तकं म्हणजे जपायची वस्तू." चौथा उठून कपाटाकडे बघायला लागला. आई अर्ज हातात घेऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. माझ्या आईला तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाजारात ती कुणाचं ऐकून घेत नसे.

काका खुर्चीतून उठले. परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगातून त्यांनी एक काढलं. "तुम्ही परवा आणलंत. पान चौपन्न, कोलंबीचं कालवण. कुणाकडची कोलंबी?" चष्मेवाल्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "आणि हे तुमचं. सुक्या बोंबलांची चटणी, ओळीने सोळा पानं. जपायची वस्तू म्हणे! या मुलीने पुस्तकाला हात लावायच्या आधी दोनदा हात धुतले. तुम्ही एकदा तरी धुतलेत?"

त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि जामीनदार म्हणून स्वतःची सही ठोकली. पुढे एक रकाना होता, 'अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता'. तिथे ते अडले. नियमाच्या कागदावर खोटं लिहिणं त्यांना शक्य नव्हतं. शेवटी लिहिलं, 'आजपासून'. आणि वादळातल्या बोटीचं पुस्तक शोधून माझ्या हातात दिलं. त्यातली माणसं परत आली आणि दोन दिवसांनी बाबाही.

आईने पायरीवर पाटी उतरवली. "घरी मानसं किती तुमच्या?"

"काही नको. नियमात बसत नाही."

"तुमचा नियम आत. भायेर माजा. किती मानसं?"

"एक."

"बायको, पोरं?"

"एकच, बाई." मग म्हणाले, "मला बोंबील साफ करता येत नाहीत. माझी आई गेल्यापासून घरी आणलेच नाहीत."

आई कोयता काढून पायरीवरच बोंबील साफ करायला बसली आणि मीठ, हळद, तांदळाचं पीठ, तवा किती तापवायचा, सगळं सांगत गेली. काका बाजूला उभे राहून एका कोऱ्या अर्जाच्या पाठीवर लिहून घेत होते.

"हे एकट्याला फार होतील," ते म्हणाले.

"एकटा मानूस पोटभर जेवत नाय," आई म्हणाली, "म्हनून दोन जास्तीच घातलेत."

काकांनी तेही खाली लिहून घेतलं, 'दोन जास्ती'. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच संपला. आतल्या चौघांवरचा अजून आहे.