टिकलीमागचा दिवा

छातीत कळ येऊन मी सीटवर वाकडी झाले होते, लुगडं घामानं अंगाला चिकटलं होतं, आणि आमचे नामदेवभावजी स्टिअरिंगखाली डोकं घालून म्हणत होते, "वहिनी, जरा दम धरा. कोड येऊन राहिलाय."

भावजी माझे धाकटे दीर. देवणीहून मला लातूरच्या दवाखान्यात नेत होते. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं गाडी एकाच गियरात अडकली. सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला.

गाडी तीन लाख किलोमीटर पळालेली. गियर आपोआप पडतात म्हणून हौसेनं घेतली होती. आता वाटलं तर पडतात.

भावजींकडं काडेपेटीएवढी निळी डबी आहे. ती गाडीला जोडली की गाडीच्या दुखण्याचा नंबर, म्हणजे कोड, मोबाइलवर येतो. सकाळी तोंड धुतलं की आधी डबी, मग चहा. दारात पाहुणे उभे असले तरी डबी. एकदा सुनेचं लेकरू रडायला लागलं तर म्हणाले, "रडणं हा नुसता दिवा हाय. आतला कोड शोधा." सून दोन दिवस बोलली नाही.

खरं तर बिघाड झाला की गाडीतच पिवळा दिवा लागतो. पण त्या दिव्यावर कुणीतरी मोठी मरून रंगाची टिकली चिकटवलेली. दिवा दिसणार कसा? सगळ्यांनी सांगून पाहिलं, टिकली काढा. भावजी लगेच हवापाण्याचं बोलायला लागत.

"सातशेचा कोड!" भावजी म्हणाले. "लई लबाड कोड हाय हा. बिघाड गियरच्या पेटीत हाय, एवढंच सांगतो. पाटलानं तलाठ्याकडं बोट दाखवावं, तसं."

"मग तलाठ्याला विचारा! मी मरून राहिले इथं!"

"आलाच दुसरा. सेन्सर. वायर ढिली असंल."

माझं डोकं फिरलं. सगळा राग त्या टिकलीवर निघाला. "दिवा झाकून ठेवता अन् वर डब्या जोडत बसता," असं म्हणून मी तिच्याखाली नख घातलं.

भावजींनी माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी असं अडवलं नव्हतं.

"राहू द्या, वहिनी. तिनं लावलीय."

ती म्हणजे कमल, माझी जाऊ. तिला वारून तीन वर्षं झाली.

"दिवा डोळ्यावर येतो म्हणायची. कपाळाची काढली अन् लावली. म्हणून तर डबी घेतली मी."

मी हात मागं घेतला. भावजींनी टिकलीची सुटलेली कड अंगठ्यानं दाबून बसवली. मग खाली उतरले, बॉनेट उघडलं, वायर दाबली, कोड पुसला. गाडीनं एक आचका दिला आणि पळायला लागली. भावजींनी ती थेट लातूरच्या दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली.

डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. भावजींना म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. भावजींनी विचारलं, "कोड काय होता?"

घरी न्यायला तेच आले, तीच गाडी घेऊन. दिवा लागला होता की नाही, कोण जाणे. टिकली जागेवर होती.

मी वाचले.