डिकीत गेलेला अँप्लिफायर

मोटरसायकलच्या मागच्या सीटखालचा अँप्लिफायर गाणी जेमतेम वाजवायचा, पण बायकोला चटके मात्र मनापासून द्यायचा. शेवटी तिने निर्वाणीचा इशारा दिला, "उद्या बाबांकडे जायचंय. एक तर तो डबा हलवा, नाहीतर मी बसने जाते."

नवऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मागच्या खेपेला सासरेबुवा आपल्या बदलीची गोष्ट सांगत असताना तो चक्क घोरला होता. तेव्हापासून बायको कामापुरतंच बोलत होती.

मेकॅनिक म्हणाला, "ठेवून जा साहेब, संध्याकाळी देतो." पण हातात पाना आला की याला कोणाचं ऐकू येत नसे. त्याने स्वतःच अँप्लिफायर उपटून बाजूच्या डिकीत बसवला. दोन पिना अगदी सारख्या दिसत होत्या, एक पुढच्या स्पीकरांत गाणी नेणारी, एक त्याच्या हेल्मेटमधल्या माइकचा आवाज बायकोच्या हेल्मेटमध्ये नेणारी. जिथे बसल्या तिथे त्याने त्या खुपसल्या.

दुसऱ्या दिवशी रस्त्याला लागताच इंजिनच्या धडधडाटात तो माइकमध्ये म्हणाला, "ऐकतेस ना? चुकलं माझं." आरशात बायकोची मान नाही नाही अशी हलली.

"अगं, कान धरतो. परत नाही घोरणार!"

मान हलतच राहिली. सिग्नलला टेम्पोवाला, भाजीवाली, अख्खी शाळेची बस वळून बघत होती. गाडी आहेच तशी, असं मनात म्हणत त्याने तेवढ्यातही छाती फुगवून घेतली.

सासरच्या फाटकात त्याने इंजिन बंद केलं. सासरेबुवा पायरीवरच उभे होते. हेल्मेट न काढताच तो कुजबुजला, "बदलीची गोष्ट निघाली की डोकं दुखतंय म्हण. लगेच सटकू."

पुढच्या दोन्ही स्पीकरांतून ती कुजबुज गल्लीभर दणाणली. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंच्या हातातली चादर हातातच राहिली.

बायकोने हेल्मेट काढलं. त्यातून गाणं ऐकू येत होतं. "काय झालं? सगळे असे काय बघतायत?" तिने विचारलं. "मी तर मस्त डोलत आले."

म्हणजे वाटभर मागितलेली माफी तिच्याखेरीज सगळ्यांनी ऐकली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हेल्मेट काढून तोंड दाखवायचं तरी कसं?

सासरेबुवा सावकाश पायऱ्या उतरले आणि त्याच्या माइकशी वाकले. "जावईबापू, तुम्ही या गाडीचं पुराण लावलंत की माझंही डोकं दुखतं," स्पीकर गरजले. "त्या दिवशी तुम्ही घोरलात, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं."

आतून सासूबाईंचा आवाज आला, तोही माइकशिवाय, गल्लीभर:

"आणि मी इतकी वर्षं जागी राहून ऐकतेय, त्याचं काय?"